कुंभारणीचें घरटें आणि चित्रांचा काल

भिंतीच्या कोनाड्यांत कुंभारणीनें चिखलाचें घर बांधलेलें दिसलें कीं, आपण तें खुरप्यानें खरडून काढतों. राहत्या घरांत हें ठीकच आहे. परंतु भिंत पुराणवस्तूची असेल, तर त्या खरडण्यानें इतिहासाचें एखादें पान नाहीसें होण्याचा संभव असतो. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडील किंबर्ले प्रांतांत याचें उत्तम उदाहरण सांपडतें.

तेथील वालुकाश्माच्या कपारींतून गेरूनें रंगविलेलीं असंख्य चित्रें आहेत. त्यांपैकीं शिरोभूषणें ल्यालेल्या सडपातळ मानवाकृति १८९१ सालीं जोसेफ ब्रॅडशॉ या गोऱ्या पशुपालकाच्या दृष्टीस पडल्या, आणि पुष्कळ वर्षें त्याच्याच नांवानें ओळखल्या गेल्या. आतां त्यांस 'ग्विओन' म्हणतात. इतक्या डौलदार आकृति मूळ रहिवाशांच्या पूर्वजांच्या हातच्या नसाव्यात, कोणी परकी जात येऊन गेली असावी, असा तर्क कांहींनीं लढविला. हा तर्क आपल्या चांगलाच ओळखीचा आहे! हिंदुस्थानांतील शिल्पांत जें जें सुंदर दिसलें त्याचें श्रेय ग्रीकांस देणारे पंडितहि होऊन गेलेच.

वाद तुटावयाचा तर चित्रांचें वय हवें. पण गेरू हें लोहाचें खनिज. त्यांत कर्ब नाहीं, म्हणून रेडिओकार्बनची रीति त्यावर चालत नाहीं. येथें कुंभारीण कामास आली. ती ओल्या चिखलाच्या गोळ्यांनीं कोठडी रचते, नांगी मारून बधिर केलेलें भक्ष्य, अळी म्हणा कीं कोळी, आंत कोंडते, अंडें घालते आणि तोंड लिंपून टाकते. (वेदान्तांतला भ्रमरकीटन्याय याच कोठडीवर उभा आहे. अळीचा भ्रमर होत नाहीं, अळी खाऊन भ्रमर होतो, हें कळल्यानें दृष्टान्ताची गोडी मात्र उणावत नाहीं.) त्या चिखलांत वाळूचे कण असतात, आणि वणव्याच्या कोळशाचेहि. पावसाचा आडोसा असला तर घरटें दगडासारखें होऊन हजारों वर्षें टिकतें. चित्रावर घरटें असेल तर चित्र त्याहून जुनें. घरट्यावर चित्र असेल तर त्याहून नवें.

वाळूच्या कणांस शेवटचें ऊन केव्हां लागलें, हें मोजून १९९७ सालीं एका मानवाकृतीवरील घरटें १७,००० वर्षांहून जुनें ठरविण्यांत आलें. पुढें २०२० सालीं २४ घरट्यांतील कोळशावरून २१ ग्विओन चित्रें तपासलीं, तेव्हां बहुतेकांचा काल सुमारें १२,००० वर्षांपूर्वींचा निघाला. दोन्ही आंकडे पुरते जुळत नाहींत, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. चित्र कोणीं काढलें, हेंहि घरटें सांगत नाहीं. पण त्या खंडांत किमान ४०,००० वर्षें मनुष्यवस्ती असतां परकी जात कल्पिण्याचें प्रयोजन काय?

२०२१ सालीं कपारीच्या उतरत्या छतावरील दोन मीटर लांबीच्या एका कांगारूचें वय सुमारें १७,३०० वर्षें ठरलें. त्या चित्राखालीं तीन घरटीं होतीं, आणि चित्र पुरें झाल्यावर कुंभारणींनीं त्यावर आणखी तीन बांधलीं होतीं.