आयपीए : हॉपच्या आड राहिलेले यीस्ट

छत्रपती संभाजीनगर हे देशातील बिअरनिर्मितीच्या मोठ्या केंद्रांपैकी एक असून युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग आणि एबी इनबेव्ह यांसारख्या कंपन्यांचे कारखाने या शहराच्या औद्योगिक पट्ट्यात उभे राहिले. तेथे मुख्यतः तयार होते ती लागर, म्हणजे थंड तापमानात हळूहळू काम करून तळाशी बसणाऱ्या यीस्टने आंबवलेली बिअर. नावात हिंदुस्थान मिरवणारी इंडिया पेल एल, अर्थात आयपीए, मात्र दुसऱ्या घराण्याची आहे, कारण ‘एल’ प्रकारची बिअर साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला, आंबताना फेसाबरोबर वर येणाऱ्या यीस्टने होते. आयपीएच्या इतिहासात सारे श्रेय हॉपला, म्हणजे कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या एका वेलीच्या शंकूसारख्या फुलोऱ्याला, दिले जाते. ते अर्धेच खरे आहे.

लंडनच्या हॉजसन यांनी हिंदुस्थानातील इंग्रजांसाठी मुद्दाम जास्त हॉप घालून ही बिअर शोधून काढली, ही लोकप्रिय कथा अभ्यासकांनी बरीचशी मोडीत काढली आहे. जॉर्ज हॉजसन यांचा कारखाना १७५२ मध्ये पूर्व लंडनच्या बो भागात सुरू झाला आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे नांगर टाकत ते ब्लॅकवॉल तेथून जवळ होते. कप्तानांना लांब मुदतीच्या उधारीवर माल मिळे आणि ते तो मुंबई, मद्रास, कलकत्त्यास आपल्या खासगी व्यापारात विकत. हिंदुस्थानात उतरली ती मुळात ‘ऑक्टोबर बिअर’ नावाची, पिंपात वर्ष-दोन वर्षे मुरवण्याची जुनीच फिकी एल होती, आणि उष्ण देशांत धाडावयाच्या बिअरमध्ये हॉप वाढवावेत हा सल्लाही अठराव्या शतकातील इंग्लंडात सर्रास दिला जात असे. शिवाय गोऱ्या शिपायांच्या वाट्याला बहुधा काळी पोर्टर येई. फिकी एल ही साहेबी मेजावरची वस्तू होती. केप ऑफ गुड होपला वळसा घालून दोनदा विषुववृत्त ओलांडणारा चार ते सहा महिन्यांचा प्रवास हे माल खराब होण्याचे कारण ठरावयाचे, ते उलट मुरण्याचे साधन ठरले, एवढे मात्र खरे.

पुढचे वळण पाण्याचे आहे. १८२२ मध्ये कंपनीचे कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील सॅम्युएल ऑलसॉप यांना हॉजसन यांच्या बिअरची बरोबरी करण्यास सुचवले. ऑलसॉप यांची रशियातील बाजारपेठ चढ्या जकातीने नुकतीच बुडाली होती, आणि त्यांचे माल्ट तयार करणारे जॉब गुडहेड यांनी पहिला नमुना चक्क चहाच्या किटलीत उकळला, असे सांगितले जाते. बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून येत असल्याने त्यात सल्फेट भरपूर असे. त्यामुळे हॉपचा कडवटपणा जिभेवर रेंगाळण्याऐवजी स्वच्छ आणि कोरडा लागे. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापील स्वरूपात १८२९ मध्ये सिडनीच्या एका वृत्तपत्रातील जाहिरातीत आढळते, म्हणजे ते रुळले तेव्हा ही बिअर आधीच ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली होती.

हॉपमधील कडू आम्ले दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंच्या भाईबंदांना रोखतात, पण यीस्टला ती फारशी बाधत नाहीत. म्हणूनच पिंपात हॉप पहारा देत असताना यीस्ट उरलीसुरली साखर महिनोन्‌महिने खात राही आणि बिअर कोरडी होई. हे काम नेहमीच्या यीस्टचे एकट्याचे नव्हते, हे कळावयास विसावे शतक उजाडले: कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ मध्ये एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत सिद्ध केली आणि तेथेच नील्स क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये मुरवलेल्या इंग्लिश बिअरमधील दुसरे, संथ यीस्ट जाहीर करून त्यास ‘ब्रेटॅनोमायसिस’ हे नाव दिले. ज्या संस्थेच्या शुद्ध यीस्टने लागरला जगभर पाय पसरू दिले, तिनेच जुन्या आयपीएचे गुपितही उलगडले. त्याच घराण्याचा कारखाना आज संभाजीनगरात असावा, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

लागर आणि बर्फ यांपुढे आयपीए मागे पडली. तिचे पुनरुज्जीवन अमेरिकेत झाले. १९७२ मध्ये कॅस्केड हा संत्र्या-मोसंबीच्या वासाचा हॉप लागवडीस आला आणि १९८० मध्ये सिएरा नेवाडा या कारखान्याची पेल एल निघाली, तेव्हा स्वतःची चव पुढे न करणारे यीस्ट पसंत झाले. मात्र यीस्ट तेथेही निव्वळ प्रेक्षक नसते. आंबताना ते हॉपमधील जिरॅनिऑलसारख्या गुलाबी वासाच्या द्रव्याचे लिंबूवर्गी सिट्रोनेलॉलमध्ये रूपांतर करते.

महाराष्ट्रात परवान्याविना मद्य तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा असल्याने आयपीएसाठी घटकांची निवड हा येथे परवानाधारक मायक्रोब्रुअरीचा प्रश्न ठरतो. हॉपच्या वेलीला उन्हाळ्यात दीर्घ दिवस लागतात. मराठवाड्याच्या अक्षांशावर ते मिळत नाहीत, तेव्हा हॉपच्या दाबून केलेल्या गोळ्या बाहेरूनच आणाव्या लागतात. माल्ट फिका, दोन-रांगी बार्लीचा घ्यावा. दख्खनच्या काळ्या कातळातून येणाऱ्या पाण्यात बहुधा बायकार्बोनेट जास्त असते आणि ते हॉपचा कडवटपणा खरखरीत करते, म्हणून आरओ केलेल्या पाण्यात जिप्सम मिसळणे श्रेयस्कर. पाणी ही येथे तशीही नाजूक बाब आहे, २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करविली होती.

यीस्टची निवड मात्र तापमानावर ठरते. यूएस-०५ या कोरड्या यीस्टची ११.५ ग्रॅमची पुडी २० लिटरला पुरते, पण आंबण्याच्या उष्णतेने टाकीचे तापमान आपोआप चढते, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपुढे जात असताना थंडाव्याची व्यवस्था नसेल तर याच यीस्टमुळे उग्र, डोके धरविणारी अल्कोहोले तयार होतात. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी लाकडी कड्यांवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपलेले क्वेइक यीस्ट ३५ अंशांच्या आसपासही स्वच्छ काम करते आणि थोड्याच दिवसांत आंबवण आटोपते. त्यातील वॉस गावाकडील वाण तर स्वतःच संत्र्याचा वास देते. त्याला पोषकद्रव्ये मात्र जास्त लागतात, आणि हलक्या आयपीएत ती वरून घालावी लागतात.