वहीत न आलेला खर्च

गेल्या पावसाळ्यात माळ्यावरची ट्रंक उपसताना लाल कापडी बांधणीची एक लांबट वही हाती लागली. साल १९९६. त्या वर्षी दिवाळीनंतर कुडाळच्या पुढे एका गावात आम्ही काही मित्रांनी १६ मिलिमीटरवर एक चित्रपट केला होता. त्याच्या खर्चाची ही वही, आणि अक्षर माझे. मी नुकताच इतिहासात एम. ए. होऊन नोकरीच्या शोधात होतो. ‘तुला हिशेब जमतो’ एवढ्या पात्रतेवर मित्राने मला प्रॉडक्शन मॅनेजर केले. माणसे चौदा, दिवस अठरा. चित्रपट पुरा झाला, दोन महोत्सवांत दाखवला गेला, आणि त्यानंतर तो कुणी पाहिला असेल असे वाटत नाही.

वही मात्र चोख आहे. कॅमेऱ्याचे भाडे, टेम्पो, जनरेटरचे डिझेल, उजेड परतवण्यासाठी आणलेले थर्मोकोल, चिकटपट्टी, सुतळी, विड्यांची बंडले. फिल्मच्या प्रत्येक डब्याची नोंद आहे. चारशे फुटांचा डबा म्हणजे पडद्यावर जेमतेम अकरा मिनिटे. त्यामुळे फूट न् फूट मोजून वापरायचो. एका पानावर ‘हातोडी हरवली, नवी घेतली’ अशीही ओळ आहे.

ही वही वाचताना एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. जेवणाचा खर्च कुठेच नाही. तांदूळ आणि मासळी आहे, नारळ आहेत. रांधणारे माणूस नाही. आमचा मुक्काम माझ्या चुलत काकींच्या घरी होता. पहाटे चारला चूल पेटवून सहाच्या आत चौदा जणांचा चहा-नाश्ता, दुपारचे जेवण डब्यांत भरून शेतावर, रात्री पुन्हा पंगत. हे सगळे त्या एकट्या करीत. पुढच्या मे महिन्यात गावच्या शाळेत पडदा लावून चित्रपट दाखवला. शेवटची नामावली संपली तेव्हा काकींनी मला हळूच विचारले, ‘‘माझा नाव खंय येतला रे?’’ मी हसलो. त्या थट्टा करताहेत असे मी धरून चाललो. आज तसे वाटत नाही.

हा प्रश्न घेऊन मी आपल्या चित्रपट-इतिहासातल्या दोन प्रसिद्ध घरांत डोकावलो. दोन्ही ठिकाणी पैसा तुटपुंजा होता, माणसे थोडी आणि नवखी होती, आणि दोन्ही ठिकाणी एक बाई होती.

पहिले घर दादरचे. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडला गेले आणि एप्रिलमध्ये परतले ते विल्यमसन कॅमेरा खरेदी करून, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून. या प्रवासासाठी त्यांनी विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या होत्या. पुढे यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे लोक पैसे गुंतवायला तयार व्हावेत म्हणून त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ दाखवणारी चिमुकली फिल्म केली. तरीही पैसा पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले. इथपर्यंतची हकिगत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

मी कागद-पेन्सिल घेऊन एक साधा गुणाकार केला. फाळक्यांना मिळणारी फिल्म कोरी असे, तिच्या कडांना भोके नसत. ती घरी अंधाऱ्या खोलीत पाडावी लागत, आणि हे काम सरस्वतीबाई आणि मुले शिकली होती. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोके लागतात. म्हणजे एका फुटाला १२८ आणि पूर्ण लांबीला ४,७३,६०० भोके. हे फक्त पडद्यावर आलेल्या लांबीपुरते. निगेटिव्हला वेगळी, त्यावरून काढलेल्या प्रतीला वेगळी, वाया गेलेल्या फिल्मची आणखी वेगळी. भोके यंत्र पाडत असले, तरी अंधारात फिल्म त्यात भरणे आणि ती नीट सरकते ना हे बोटांनी चाचपणे यंत्राला येत नाही. एखादे भोक जरा तिरपे पडले की पडद्यावरचे चित्र थरथरणार. त्यानंतर फिल्म धुणे, रसायने कालवणे. चित्रीकरण सहा महिने आणि २७ दिवस चालले. त्या काळात चमूचा स्वयंपाकही याच बाईंकडे होता.

बाह्यचित्रीकरणासाठी मंडळी वांगणीला गेली तेव्हाचा किस्सा आपण चवीने सांगतो. लाकडी तलवारी, ढाली, भाले घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले, वर्दी गेली, सगळे अटकेत. फाळक्यांनी फिल्म न भरताच कॅमेरा चालवून दाखवला तेव्हा सुटका झाली. दुसरा किस्सा मात्र हसून सांगता येत नाही. रोहिदासाचे काम करणारा फाळक्यांचा मुलगा भालचंद्र खेळताना दगडावर पडला, डोक्यातून रक्त आले, शुद्ध गेली. चित्रीकरण पुढे ढकलावे असे सोबत्यांनी सुचवले. पण त्या दिवशी मृत रोहिदासाचा प्रसंग घ्यायचा होता. फाळक्यांनी बेशुद्ध मुलावरच तो चित्रित केला. आपण याला ध्येयवेड म्हणतो. ते होतेही. पण त्या दिवसाचा खर्च सात-आठ वर्षांच्या पोराने आणि त्याच्या आईने भरला, हेही खरे आहे.

तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळाली नाही. ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्यासाठी त्यांचा पगार दहाचा पंधरा रुपये झाला, असे सांगतात. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र, कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग. आता कथा आठवा. राजाने शब्द दिला, दक्षिणा देणे आले, आणि ते फेडायला काशीच्या बाजारात तारामती विकली गेली. पडद्यावर ही तारामती एक पुरुष उभी करीत होता, आणि पडद्यामागे एका माणसाच्या शब्दापायी त्याच्या बायकोचे दागिने बाजारात गेले होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला तेव्हा किती प्रेक्षकांच्या हे ध्यानात आले असेल!

दुसरे घर कलकत्त्याचे. सत्यजित राय तिथल्या एका जाहिरात कंपनीत कलाविभागात नोकरीला होते. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांनी काढली, आणि त्याच कथेवर चित्रपट करण्याचे मनाने घेतले. छायाचित्रकार सुब्रत मित्र एकवीस वर्षांचे. त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा त्याआधी चालवलेला नव्हता. २७ ऑक्टोबर १९५२ ला काशफुलांच्या रानात दुर्गा आणि अपूचे चित्रीकरण सुरू झाले. नोकरी चालू असल्याने उरलेले काम पुढच्या सुट्टीच्या दिवशी करायचे ठरले. आठवड्याने मंडळी परत गेली तर फुले नाहीशी! गुरांनी खाऊन टाकली होती. तो प्रसंग पुरा करायला पुढच्या वर्षीच्या फुलांची वाट पाहावी लागली.

वाट पाहणे हा या चित्रपटाचा कायमचा उद्योग झाला. विम्याची पॉलिसी इथेही तारण पडली. रायांनी जमवलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या गेल्या. एका निर्मात्याने थोडे पैसे घातले, ते संपले. मग बिजया राय यांचे दागिने गहाण गेले. चाळीस वर्षांच्या अंतराने, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या भाषेत, तोच क्रम: आधी विमा, मग दागिने. काम अधूनमधून अडत सुमारे तीन वर्षे लांबले. त्या अवधीत अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी झाली नाही आणि ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवी हयात राहिल्या, हे तीन चमत्कार असल्याचे राय पुढे म्हणत. तंगीत केलेल्या चित्रपटात काळ हेही उसनेच घेतलेले भांडवल असते. फक्त ते कुणाच्या वयातून घेतले हे वहीत लिहिलेले नसते.

शेवटी मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्यामुळे पश्चिम बंगाल सरकारचे पैसे मिळाले. सरकारी दप्तरात चित्रपटासाठी खाते नव्हते. नावात ‘पथ’ होता, म्हणून हा खर्च रस्तेसुधारणेच्या नावावर पडला! हा किस्साही आपण हसत सांगतो. माझ्यासारख्या हिशेबनिसाला त्यात एक मजेशीर सत्य दिसते. सरकारला खर्च चुकीच्या खात्यात का होईना, लिहावाच लागतो. घराला तेही बंधन नाही.

इथेही कथा आणि निर्मिती एकमेकींना भेटतात. हरिहर कमाईसाठी परगावी गेलेला, त्याचे पत्र नाही, पैसा नाही; मागे सर्वजया घरातली भांडी विकून मुलांच्या तोंडी घास घालते. तो प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. अलीकडे पाहताना मनात येते, की कॅमेऱ्याच्या अलीकडे उभ्या माणसांच्या घरीही तेच चालले होते. ‘पथेर पांचाली’ पहिल्यांदा दाखवला गेला तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात, ३ मे १९५५ ला. बेचाळीस वर्षांनी, नेमकी तीच तारीख! हा योगायोगच, त्यात अर्थ शोधू नये. दागिन्यांचा मात्र योगायोग नाही. बँक चित्रपटाला कर्ज देत नव्हती, सावकाराला तारण हवे होते, आणि मध्यमवर्गीय घरात सोन्याच्या रूपात साठलेली, पटकन मोडता येणारी पुंजी बाईच्या अंगावरच असे. ते स्त्रीधन होते, म्हणजे रिवाजाने तिचे स्वतःचे. त्या अर्थाने सरस्वतीबाई आणि बिजया राय या त्या चित्रपटांच्या भागीदार ठरतात. पण आपले शब्द पाहा. नाडकर्ण्यांनी घातले ते भांडवल आणि सरकारने दिले ते अनुदान. बायकोने दिला तो त्याग. भांडवल परत करावे लागते, अनुदानाचा हिशेब द्यावा लागतो. त्यागाला फक्त नमस्कार केला की भागते.

दुसरी रीत असू शकते, हे आपल्याकडेच दिसले आहे. १९७६ साली श्याम बेनेगल यांनी ‘मंथन’ केला. विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचा कॅमेरा, राजकोटजवळच्या सांगणवा गावात सुमारे पंचेचाळीस दिवसांचे चित्रीकरण. वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने गुजरातच्या दूध सहकारी संघाच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. दहा लाखांत चित्रपट झाला, आणि श्रेयनामावलीत निर्माते म्हणून गुजरातच्या त्या पाच लाख शेतकऱ्यांचा उल्लेख आला. चित्रपट लागल्यावर हे निर्माते ट्रकांत बसून आपला चित्रपट पाहायला आले. त्या दुधाच्या मागचे हात कुणाचे, हा प्रश्न तिथेही पुरता सुटत नाही. पण दोन रुपये देणाऱ्यालाही निर्माता म्हणता येते, एवढे त्या नामावलीने दाखवून दिले.

आज फिल्मचे डबे गेले. खिशातल्या फोनवर चित्रपट होतात, चार-पाच पोरे एका जीपमध्ये बसून गावात उतरतात. माझे काही विद्यार्थीही असे चित्रपट करतात. त्यांचा खर्च विचारला की ते कॅमेरा, हार्ड डिस्क, प्रवास असे सांगतात. मी विचारतो, जेवलात कुठे? उत्तर बहुतेक वेळा एकच असते: ‘‘कुणाच्या तरी आईने केलं, सर.’’ फिल्म स्वस्त झाली, चूल जिथे होती तिथेच आहे. कमी पैशांत चित्रपट करू नयेत असे मी म्हणणार नाही. तसे केले नसते तर वर सांगितलेले दोन्ही चित्रपट आपल्याला मिळाले नसते. मी एवढेच म्हणतो, की पैसे देता येत नसतील तर देणे लिहून तरी ठेवावे. लिहिलेले देणे कधीतरी कुणाच्या नजरेस पडते.

म्हणून वही सापडल्यावर मी शेवटच्या कोऱ्या पानावर एक ओळ मांडली. चौदा माणसे, दोन वेळा, अठरा दिवस: ५०४ ताटे. त्या वर्षी तालुक्याच्या खानावळीत आम्ही ताटाला पंधरा रुपये दिल्याची नोंद वहीतच होती. तो दर लावला तर ७,५६० रुपये होतात. पुढे काकींचे नाव लिहिले, आणि त्या पानाची छायाप्रत त्यांच्या मुलीला पाठवली. काकी जाऊन नऊ वर्षे झाली.

आठवड्याने तिचा फोन आला. म्हणाली, ‘‘दादा, हिशेब चुकलाय. जनरेटरवाला धरला नाहीस. तोही रोज आमच्याकडेच जेवायचा. पंधरा माणसं होती.’’

तिचे खरे होते. जनरेटरवाला भाड्याने आणलेला, म्हणून मी त्याला आमच्यात मोजलेच नव्हते. काकींनी मोजले होते. मी ५०४ खोडून ५४० केले आणि रक्कम ८,१०० लिहिली.