कुत्र्याची जागा

सायकलच्या मागच्या चाकावरील दातेरी चक्रे काढण्यासाठी कोणते हत्यार घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता इतिहासाच्या अभ्यासकाचा नव्हे. आमच्या मते मात्र तो सर्वस्वी कालखंडाचा प्रश्न आहे.

पायडल थांबवले तरी चाक फिरत राहते, ते आतल्या बारीक खटक्यांमुळे. कारागिरांच्या हिंदी बोलीत या खटक्याला 'कुत्ता' म्हणतात. तो निकामी झाला की 'कुत्ता फेल'. इंग्रजी यंत्रविद्येतही पकड घेणाऱ्या भागाला 'डॉग' हा शब्द रूढ आहे. प्रतिमा दोन्हीकडे एकच : धरले की न सोडणारा. हत्यार निवडताना पाहावयाचे ते एवढेच, की हा कुत्रा बसला आहे कोठे.

जुन्या फ्रीव्हीलमध्ये तो दातेरी चक्राच्याच पोटात असतो आणि अख्खे फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसते. व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. स्वार जितका जोर लावतो तितके ते आवळत जाते. ते काढण्यासाठी आतील खाचांत बसणारा रिमूव्हर हवा : कोठे दोन दातांचा, कोठे चार, कोठे बारीक पन्हळींचा. दोन दातांचा असेल तर वरून आसाचा नट टेकवून ठेवावा लागतो, नाहीतर तो निसटून खाच तुटते. छिन्नी-हातोडीने वरची कडी फोडणारे पुष्कळ. पण त्याने फ्रीव्हील उघडते, छर्रे सांडतात, आणि हबवरचा भाग हबवरच राहतो.

कॅसेटमध्ये कुत्रा चक्रांतून उठून हबमध्ये गेला. इंग्लंडच्या बेलिस-वायली कंपनीने १९३८च्या सुमारास हा मार्ग दाखवला. जपानच्या शिमानोने १९७८पासून तो रूढ केला. चक्रांची संख्या वाढली तसा फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचा छर्ऱ्यांचा आधार आत राही व आस वाकत असे. नव्या रचनेत तो आधार बाहेर सरकला. आता काढावयाची ती केवळ वरची लॉकरिंग. पण ती उलटी फिरवू लागताच चक्रेही फिरतात, म्हणून त्यांना धरून ठेवणारा साखळीचा पाना वेगळा लागतो.

हा पाना जुन्या साखळीचा तुकडा लोखंडी पट्टीला जोडून घरीही होतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी बराकींतून संसार आणि कारखाने उभे केले. त्या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले, 'कॅम्प ४'सारख्या पत्त्यांत छावणी मात्र राहिली. येथील मालावरच्या 'मेड इन यूएसए'चा विनोद सर्वांना ठाऊक आहे. त्यातील उपहास आम्हांस कधी फारसा रुचला नाही. हाती असलेल्या लोखंडातून हवी ती वस्तू घडवणे ही नक्कल नव्हे, विद्या आहे.

वाङ्मयेतिहासात आपण एक कालखंड मिटवून दुसरा उघडतो. सायकलच्या दुकानात तसे होत नाही. एका गिअरच्या काळ्या सायकलीचे फ्रीव्हील, स्वस्त गिअरवाल्या सायकलीचे अनेक चक्रांचे फ्रीव्हील आणि महागड्या सायकलीची कॅसेट एकाच दिवशी एकाच हाताखाली येतात. त्यांतील शेवटची दोन तर दिसायलाही जवळजवळ सारखी. तेव्हा हत्यार विकत घेण्यापूर्वी चाक काढावे, चक्रे उलट फिरवावी आणि मधल्या पन्हळींकडे पाहावे. त्या चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट, स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील.