वळीव आणि गारपीट : पिंपरी पेंढार परिसर

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान वसलेल्या पिंपरी पेंढारच्या परिसरात फेब्रुवारीअखेरपासून जूनच्या आरंभापर्यंत अधूनमधून येणारी मेघगर्जनेची वादळे. पश्चिमेला माळशेज घाटाचा धो-धो पावसाचा टापू आणि पूर्वेला पर्जन्यछायेचे पठार, अशा बदलत्या पट्ट्यात हा भाग येतो. वळीव उन्हाच्या तापातून उपजतो, हा समज येथे सर्वदूर आहे. तो अपुरा आहे. ऊन वादळाला उठवते, पण वादळाचे बळ येते ते भिन्न गुणांच्या दोन वायुराशींची एकाच आकाशात गाठ पडल्याने.

एखाद्या विस्तीर्ण भूभागावर किंवा समुद्रावर बरेच दिवस रेंगाळून तेथील तापमान आणि ओलावा अंगी मुरवलेल्या हवेला वायुराशी म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतील बर्गेनच्या हवामानशास्त्रज्ञांनी थंड व उष्ण हवेच्या सीमेला ‘आघाडी’ मानून वादळांची उपपत्ती मांडली आणि शालेय भूगोलात तीच रुजली. सुमारे 19 अंश उत्तर अक्षवृत्तावरच्या या पठारावर ती जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण येथे भेटणाऱ्या प्रवाहांच्या तापमानात जमिनीलगत फारसा फरक नसतो. फरक असतो तो ओलाव्याचा. वायव्येकडून कोरडा, भूखंडीय वारा येतो. बंगालच्या उपसागराकडून आग्नेयेचा दमट वारा आत शिरतो. या दोहोंमधली सीमा विदर्भापासून कर्नाटक-केरळपर्यंत तिरपी पसरते आणि हवामान खात्याच्या अंदाजात तिला वाऱ्यांची खंडितता म्हणतात. दुपारनंतर अरबी समुद्राचा खारा वारा घाट चढून आला की ओलाव्यात आणखी भर पडते. खाली दमट आणि वर कोरडी, थंड हवा असा थर जमला की वर ढकललेली दमट हवा भोवतालपेक्षा उबदारच राहते आणि उसळत जाते. पुढे पावसाचे थेंब कोरड्या थरातून पडताना त्यांचे बाष्पीभवन होते, हवा झपाट्याने थंड होऊन जड बनते आणि जमिनीवर आदळून चहूकडे फाकते. पावसाआधी धुळीसह येणारा गार सोसाटा तो हाच. सोंगून शेतात पडलेला कांदा बराखीत जायच्या आत तोच आधी गाठतो.

यावर सरळ आक्षेप असा, की वळीव दुपारी तीन-चारनंतरच का येतो? अर्थात तापलेल्या जमिनीमुळे. हे खरे आहे, पण ते वेळ सांगते, कारण नव्हे. उष्णताच मुख्य असती तर एप्रिल-मेचे सर्वांत तापलेले दिवस सर्वांत वादळी ठरले असते. प्रत्यक्षात कोरडा वायव्य वारा सलग वाहत असताना पारा सर्वांत वर जातो आणि आकाश निरभ्र राहते. उलट राज्यातली अलीकडची सर्वांत मोठी गारपीट 2014 च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये झाली, ऐन उन्हाळ्यात नव्हे. त्या काळात उत्तरेकडचे पश्चिमी विक्षोभ दक्षिणेकडे झुकले की उंचावर थंड हवा येते आणि गोठणपातळी बरीच खाली असते. पावसाळ्यात ती साडेपाच किलोमीटरच्या आसपास जाते. फेब्रुवारी-मार्चमधल्या खालच्या गोठणपातळीमुळे गारेला वितळायला कमी अंतर मिळते. दोन सेंटिमीटर व्यासाची गार सेकंदाला सुमारे 20 मीटर वेगाने पडते. ढगातला वर जाणारा झोत त्याच तोलाचा असल्याशिवाय ती तेवढी वाढूच शकत नाही, आणि असा झोत नुसत्या उन्हाने मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दमट हवेला उचलणारा सह्याद्री एवढा जवळ असताना दूरच्या वायुराशी कशाला हव्यात? पण डोंगर आणि ओलावा एवढ्याने भागत असते तर गारा कोकणात आणि घाटमाथ्यावर सर्वाधिक पडल्या असत्या. कोकणात गारपीट क्वचितच होते. तिचा खरा मारा नाशिक, अहिल्यानगर, मराठवाडा अशा कोरड्या पठारावर असतो. जुलैत माळशेजला कोसळणाऱ्या पावसात गडगडाट फारसा नसतो, कारण तेव्हा खालपासून वरपर्यंत एकच सागरी, ओली वायुराशी असते आणि घाटातले बरेचसे ढग उथळ राहतात. ती निरुपद्रवी असते असे मुळीच नाही. 30 जुलै 2014 ला शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली, ती याच मुरत्या, अखंड पावसाने. एकाच वर्षातली गारपीट आणि माळीण या दोन अगदी वेगळ्या आकाशांच्या आपत्ती आहेत. दोन्हींना ‘अतिवृष्टी’ म्हणून एकत्र बांधल्याने इशाऱ्याची आणि बचावाची दिशाच चुकते. 3 जून 2020 ला दिवेआगरजवळ किनारा ओलांडून पुणे जिल्ह्यातून गेलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ ही तिसरी जात. समुद्रावरच्या उबदार पाण्यावर पोसलेले ते वादळ जमिनीवर क्षीण होत असतानाही जिल्ह्यातली पॉलिहाउस जमीनदोस्त करून गेले.

वायुराशींचा संगम हेच कारण असेल तर अंदाज गावागणिक अचूक का येत नाही, असा प्रश्न शेतकरी रास्तपणे विचारतात. खंडिततेची रेषा एक-दोन दिवस आधी नकाशावर दिसते, पण त्या रेषेवर उठणारा एकेक ढग काही किलोमीटर रुंद असतो आणि तासाभरात संपतो. ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ ही शब्दयोजना त्या भौतिक मर्यादेतून येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या ‘दामिनी’ अ‍ॅपवरचा विजेचा इशाराही काही मिनिटांचाच असतो. काढलेला कांदा झाकायला ती मिनिटे पुरत नाहीत. शेतातल्या माणसाला झाडाखालून निघून पक्क्या घरात पोचायला पुरतात.