कंटेनरातील उपकरण-फाइली : एक ऐतिहासिक विवेचन

कंटेनरात एखादे उपकरण उघडत नाही, तेव्हा अभ्यासक बहुधा हरवलेल्या फाइलीचा शोध घेऊ लागतो. परंतु या विषयाचा इतिहास पाहता असे दिसते की, बहुतेक प्रसंगी मूळ प्रश्न अधिकाराचा असतो.

युनिक्समध्ये प्रारंभापासून उपकरणास फाइलीचे रूप देण्यात आले. 'डेव्ह' या निर्देशिकेतील अशा फाइलीत उपकरणाचा प्रकार व दोन क्रमांक एवढेच नोंदलेले असतात. त्यांवरून कर्नेल योग्य त्या ड्रायव्हरकडे वळते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील 'सीएचरूट'ने प्रक्रियेची दृष्टी एका निर्देशिकेपुरती सीमित केली. तथापि आतील रूट वापरकर्ता 'एमकेनॉड'च्या साह्याने तेच क्रमांक देऊन बाहेरील डिस्कची फाइल निर्माण करू शकत असे. नाव झाकले गेले, अधिकार मात्र तसाच राहिला.

फ्रीबीएसडीच्या जेलने २००० साली या निर्मितीसच बंदी घातली. साहजिकच आवश्यक फाइली बाहेरून पुरविणे प्राप्त झाले. २००३ च्या ५.० आवृत्तीपासून 'डेव्हएफएस' माउंट करताच त्या आपोआप दिसू लागल्या. येथे नियमसंच लावावयाचा राहिला तर यजमान संगणकाच्या डिस्कही जेलात दिसतात. तो अतिकठोर असेल तर 'नल'सारखी साधी फाइलही दिसेनाशी होते.

लिनक्सची १.० आवृत्ती १९९४ ची, म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या स्थापनेच्याच वर्षाची. लिनक्समध्ये ही बंधने थराथराने आली : २००२ मध्ये माउंट नेमस्पेस, २००८ मध्ये सीग्रुपचा उपकरण-नियंत्रक आणि २०१३ मध्ये पूर्णत्वास गेलेले युजर नेमस्पेस. म्हणूनच त्रुटिसंदेशांतील भेद अर्थपूर्ण ठरतो. 'अशी फाइल नाही' असा संदेश आल्यास ती आत माउंट झालेली नाही, असे समजावे. 'परवानगी नाकारली' असे आल्यास फाइलीचे हक्क व माउंटचा 'नोडेव्ह' हा पर्याय तपासावा. 'कृती अनुज्ञेय नाही' असे उत्तर आल्यास सीग्रुपची मनाई किंवा रूटच्या क्षमतांवरील मर्यादा, यांकडे पाहावे.

कंटेनरास सर्वाधिकार देऊन हे तिन्ही संदेश एकदम बंद करता येतात. पण सीएचरूटचा जुना दोष त्या वाटेने परत येतो. नांदेड वा लातूर येथील ज्या प्रयोगशाळेत एकाच संगणकावर अनेकांचे संशोधन साठविलेले असेल, तेथे एका विद्यार्थ्याच्या सोयीसाठी सर्वांची डिस्क उघडी पडेल. यास्तव हवे तेवढेच उपकरण यजमानाकडून आत द्यावे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.