कोळसा संपल्यावर गावात काय उरतं?



वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं, बाबा आमटे आणि साधनाताई आठवतात. पण त्याच्याही कितीतरी आधी वरोऱ्याची ओळख कोळशाची होती. १८७१ च्या सुमारास इंग्रज सरकारने तिथे खाण सुरू केली. कोळसा वाहून नेण्यासाठी वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली. पुढे १९०६ मध्ये खाण बंद झाली. कोळशाचं काम बल्लारपूरकडे सरकलं. ज्यांची चूल या खाणीवर पेटत होती, त्यांच्यासाठी काही पैसा बाजूला ठेवावा, असा कायदाच तेव्हा नव्हता.

तुम्ही म्हणाल, ताई, अमरावती-अकोल्यात कुठे आली कोळशाची खाण? खाण नाही, पण पारसच्या वीज केंद्रात रेल्वेने कोळसा येतो आणि त्यातून आपल्या घरात दिवा लागतो. शिवाय वणी काही परकी नाही. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा आणि तो जुन्या वऱ्हाडातलाच. आजही तो अमरावती विभागात आहे. उकणी, जुनाड, कोलारपिंपरी ही वणी तालुक्यातली गावं कोळशाच्या पट्ट्यातली. आपल्यातल्या कित्येकींचं माहेर नाहीतर सासर त्या बाजूला आहे. म्हणून आज या खाणींच्या पैशाचा इतिहास सांगते.

आधी बायांचं सांगते. कोळशाच्या खाणीत पूर्वी बायाही काम करत. नवरा कोळसा फोडायचा, बायको टोपलीने वाहायची. १९२९ पासून सरकारने बायांना जमिनीखालच्या कामातून हळूहळू काढायला सुरुवात केली आणि १९३७ मध्ये पूर्ण बंदी आली. काम धोक्याचं होतं, हे खरंच. पण दुसरं महायुद्ध आलं, कोळसा कमी पडू लागला, तेव्हा १९४३ मध्ये तीच बंदी उठवली! युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये पुन्हा लावली. गरज होती तेव्हा बोलावलं, गरज सरली तेव्हा घरी पाठवलं. भुयारी खाणीत बायांना कामाची परवानगी पुन्हा मिळायला २०१९ साल उजाडलं.

१९७३ मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा खाणी सरकारच्या झाल्या. १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. तिच्यातलीच आपल्या भागातली कंपनी म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, पेपरमध्ये आपण जिला वेकोलि म्हणून वाचतो. खुल्या खाणींसाठी शेतजमिनी गेल्या. जमिनीचा मोबदला मिळाला, काही घरांत नोकरी आली. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी, असा हिशेब आहे. पण सातबारा कोणाच्या नावावर असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि जिच्या नावावर सातबाराच नाही, जी दुसऱ्याच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जात होती, तिचं काय? वावर गेलं, तशी तिची मजुरीही गेली. तिचं नाव मात्र कुठल्याच कागदावर आलं नाही.

आता जरा बाहेरच्या देशांकडे पाहू. इंग्लंडमध्ये १९८४-८५ मध्ये खाणी बंद करण्याविरुद्ध कामगारांचा वर्षभर संप चालला. तिथल्या बायांनी गट बांधले, सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, मोर्चे काढले. तरीही खाणी बंद झाल्याच. त्या गावांना पुन्हा उभं करण्यासाठी मदत देणारी खास संस्था निघाली ती १९९९ मध्ये. संपाच्या वेळी जन्मलेलं पोर तोवर चौदा-पंधरा वर्षांचं झालं होतं. एवढ्या वर्षांत तरुण गाव सोडून जातात, दुकानं बंद पडतात. मग पैसा आला तरी आधी मोडलेलं सावरण्यातच खर्च होतो.

जर्मनीने दुसरा रस्ता धरला. दगडी कोळशाच्या खाणी २०१८ मध्ये बंद करायच्या, हे त्यांनी २००७ मध्येच ठरवलं. त्याच वर्षी एक प्रतिष्ठान उभारून पैसा बाजूला ठेवण्याची सोय केली. कारण खाण बंद झाली तरी तिच्यात साचणारं पाणी उपसावंच लागतं. पंप चालूच राहतो आणि खर्चही चालूच राहतो.

आपल्या देशात अशी सोय दोन टप्प्यांत झाली. २००९ मध्ये नियम आला, की कोळसा खाण चालवणाऱ्याने खाण चालू असतानाच ती बंद करण्याच्या खर्चाचे पैसे वेगळ्या खात्यात भरायचे. खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख आणि भुयारी खाणीसाठी हेक्टरी एक लाख रुपये, असा सुरुवातीचा दर होता. पण तो मुख्यतः जमीन सावरण्यासाठी, खड्डे बुजवण्यासाठी. माणसांसाठीची तरतूद २०१५ मध्ये आली. खाण कायद्यात बदल झाला आणि खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करायचं ठरलं. खाणवाला सरकारला स्वामित्वधन देतो. त्याच्या वर, जुन्या खाणींसाठी शंभर रुपयांमागे तीस रुपये आणि नव्या लिलावाच्या खाणींसाठी दहा रुपये या प्रतिष्ठानात जमा होतात. ते कुठे खर्चायचे, हे प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजना सांगते. निदान ६० टक्के पैसा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण, कौशल्य विकास अशा कामांवर खर्चायचा, असं त्यात होतं. २०२४ मध्ये हे प्रमाण ७० टक्के केलं.

बैठकीत बाया विचारतात, "ताई, हा खाणीचा पैसा आपल्याले भेटते का?" तर नीट ऐका. हा पैसा आपल्या एकेकीच्या खात्यात येत नाही. तो गावाच्या कामांसाठी असतो. पण ते कर्जही नाही. गटाच्या बँक कर्जासारखा त्याला हप्ता नाही, व्याज नाही. जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात काम बसलं तर निधी मिळतो, नाही बसलं तर नाही.

सगळी गोम इथेच आहे. गावाकडून मागणी काय जाते? रस्ता, सभामंडप, कमान. तेही लागतं, नाही म्हणत नाही. पण खाण आटोपल्यावर कमानीखालून रोजगार येत नाही. डाळ मिल, शिवणकामाचं केंद्र, शेळीपालनाचं प्रशिक्षण, शुद्ध पाण्याची सोय, पाळणाघर ही मागणी बायांनीच मांडावी लागते. एकटीने बोललं तर कोणी ऐकत नाही, ग्रामसंघाचा ठराव असला तर ऐकावं लागतं. माविमचे गट असोत की उमेदचे, हे काम दोघांनाही करता येतं.

आणि एक लक्षात घ्या. खाण चालू आहे तोवरच प्रतिष्ठानात पैसा जमा होतो. कोळसा निघणं थांबलं, की स्वामित्वधन थांबतं आणि त्यावरचा हिस्साही थांबतो. म्हणजे खाण बंद पडल्यावर मागू, असं म्हणून चालायचं नाही.

अमरावती-अकोल्याच्या मैत्रिणींनीही कान टवकारावेत. दगड, मुरूम यांसारख्या गौण खनिजांवरही राज्य सरकारला असा निधी घेता येतो. तुमच्या गावाजवळ गिट्टीची खदान असेल, तर तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात तीन प्रश्न लेखी विचारा. बाधित गावांच्या यादीत आमचं गाव आहे का? आमच्या भागासाठी किती निधी जमा झाला? यंदाच्या आराखड्यात आमचं कोणतं काम आहे? अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

वरोऱ्याच्या मजुरांना १९०६ मध्ये असं विचारायला जागाच नव्हती. आपल्याला आहे. पुढच्या ग्रामसभेच्या आधी गटाची एक बैठक याच विषयावर घ्या आणि ठरावाच्या खाली प्रत्येकीची सही येऊ द्या. अंगठा असेल तर अंगठा. पण नाव मात्र तिचं स्वतःचं, पूर्ण लिहा.

नमस्कार.