मृतवत्सा आणि ऱ्हीसस घटक

संस्कृतातून मराठीत आलेल्या स्त्रीवाचक शब्दांत ‘मृतवत्सा’ व ‘काकवंध्या’ ही एक लक्षणीय जोडी आहे. जिची अपत्ये जगत नाहीत ती मृतवत्सा; जिला एकच अपत्य होऊन पुढे होत नाही ती काकवंध्या. पित्यासाठी असे प्रतिशब्द रूढ नाहीत. अपत्यनाशाचे कारण स्त्रीच्याच ठिकाणी असावयाचे, हा समज या शब्दांत मुरलेला दिसतो. आधीची मुले दगावली म्हणजे पुढच्याचे नाव दगडू, धोंडू किंवा भिकू ठेवण्याची रीतही याच भयातून आली.

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेस मिशनचे रुग्णालय उघडले, तेव्हा पहिले मूल धडधाकट आणि पुढची मात्र कावीळ होऊन दगावणारी, अशा एका विशिष्ट प्रकाराचा उलगडा जगातील कोणत्याच वैद्याजवळ नव्हता. रक्ताचे मुख्य गटदेखील लांडस्टायनर यांनी १९०१ साली दाखविले. पुढे १९३९ साली लेव्हिन व स्टेट्सन यांनी न्यूयॉर्कमधील एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. मृत अपत्य प्रसवल्यानंतर तिला पतीचे रक्त देण्यात आले. गट जुळत असूनही ते तिला बाधले. १९४० साली लांडस्टायनर व वीनर यांनी ऱ्हीसस जातीच्या माकडाच्या रक्तावरील प्रयोगांवरून एका नव्या रक्तघटकाची माहिती दिली आणि १९४१ साली लेव्हिन यांनी या घटकाचा नवजातांच्या विकाराशी संबंध जोडला.

हा घटक मातेच्या रक्तात नसून पित्याकडून गर्भात आला, तर बहुधा प्रसूतिसमयी गर्भाचे रक्त मातेच्या रक्तात मिसळते व तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. पहिले मूल प्रायः वाचते. पुढील गर्भातही हा घटक असल्यास प्रतिपिंडे वारेतून जाऊन त्याच्या तांबड्या पेशींचा नाश करतात. रक्तक्षय, तीव्र कावीळ, मेंदूस इजा किंवा मृत्यू हे त्याचे परिणाम होत. तात्पर्य, येथे दोष ना मातेचा, ना पित्याचा. दोघांच्या रक्तांतील भेद हेच कारण. भारतात हा घटक नसलेल्या व्यक्ती शेकडा ५ च्या सुमारास आहेत, युरोपीयांत सुमारे १५; म्हणून येथील सर्वच अपत्यमृत्यूंचे खापर यावर फोडता येत नाही.

महाराष्ट्रात रक्तगटांच्या संशोधनास १९५२ साली मोठी चालना मिळाली. डॉ. भेंडे, डॉ. भाटिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेला ‘बॉम्बे’ रक्तगट त्या वर्षी जगापुढे मांडला. १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन झाले. १९६८ पासून ‘अँटी-डी’ ही प्रतिबंधक लस परदेशांत उपलब्ध झाली. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ती टोचल्यास मातेच्या शरीरात प्रतिपिंडे बनण्याचे सहसा टळते. मात्र एकदा ती बनल्यावर लसीचा उपयोग होत नाही. म्हणूनच गरोदरपणाच्या आरंभीच रक्तपरीक्षा अगत्याची ठरते.

नव्या परिभाषेत हा घटक नसलेल्या रक्तास ‘ऋण’ म्हणतात. व्यवहारात ऋण म्हणजे कर्ज किंवा उणेपणा. परीक्षेच्या कागदावर मात्र त्याचा अर्थ ‘घटक आढळला नाही’ एवढाच. हा भेद सासरी-माहेरी समजावून दिला नाही, तर मृतवत्सेवरील जुना ठपका नव्या शब्दाच्या आडून पुन्हा त्याच स्त्रीवर येण्याचा संभव राहतो.